बालकथा आणि चारित्र्य : आफ्रिकेच्या गोष्टींच्या निमित्ताने

(संस्थेच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त नांदगाव खंडेश्वर येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अमरावतीहून बडनेऱ्यामार्गे नांदगाव खंडेश्वरकडे एस. टी.ने येताना एक दृश्य हमखास दिसते. रस्त्याच्या मधोमध गाय उभी असते. चालक भोंगा वाजवून वाजवून थकतो, पण ती आपल्या मर्जीनेच बाजूला होते. शेळ्यांचे तसे नाही. गाडीचा आवाज लांबून आला की त्या बांधाच्या पलीकडे पळतात. आणि गावाची वेस ओलांडताना एखादा कुत्रा गाडीच्या मागे जीव तोडून धावत सुटतो. हे तिघे असे का वागतात, हा प्रश्न मोठ्या माणसांना पडत नाही. लहान मुलांना पडतो. त्याचे उत्तर आफ्रिकेतल्या एका इवल्याशा बालपुस्तकात दिलेले आहे.

शेळी, कुत्रा आणि गाय हे जिवलग मित्र होते. एकदा तिघेही भाड्याच्या मोटारीतून प्रवासाला निघाले. मुक्काम आला तेव्हा चालकाने भाडे मागितले. गाईने आपले भाडे बरोबर मोजून दिले. कुत्र्याजवळ सुटे पैसे नव्हते, म्हणून त्याने थोडे जास्त दिले आणि उरलेले परत घेण्यासाठी तो थांबला. तेवढ्यात शेळी एक पैसाही न देता पळून गेली. चालकाचा असा संताप झाला की त्याने कुत्र्याचे पैसे परत न देताच मोटार चालू केली आणि तो निघून गेला. त्या दिवसापासून कुत्रा प्रत्येक मोटारीमागे धावतो आणि आत डोकावून आपले पैसे बुडविणारा चालक शोधतो. शेळी मोटारीचा आवाज आला की पळते, कारण आपण पकडले जाऊ अशी तिला भीती वाटते. गाय मात्र सावकाश रस्ता ओलांडते. तिचे भाडे चुकते झालेले आहे.

गोष्ट येथे संपते. पुस्तकात शेवटी चौकट नाही, चौकटीत 'तात्पर्य' नाही, 'यावरून आपणांस असा बोध मिळतो की' असे वाक्यही नाही. तरीही ही गोष्ट ऐकलेल्या मुलाला त्यानंतर रस्त्यावर गाय दिसली की ते हसते आणि 'हिने भाडे दिले आहे' असे म्हणते. अचौर्य या व्रताचे फळ कोणते, असे कोणी विचारले तर शास्त्राधार देऊन विवेचन करता येईल. पण ज्याने कोणाचे काही बुडविले नाही त्याला कोणत्याही भोंग्याला भिण्याचे कारण नसते, हे मुलाला त्या गाईने आधीच सांगून ठेवलेले असते.

या गोष्टीत आणखी एक मर्म आहे, आणि ते पुष्कळदा मोठ्यांच्या नजरेतून निसटते. शेळीने फसविले चालकाला. भुर्दंड पडला कुत्र्याला. त्या बिचाऱ्याचा अपराध कोणता? काहीही नाही. एकाने लबाडी केली की तिची किंमत पुष्कळदा तिसराच मोजतो, आणि फसविला गेलेला मनुष्य आपला राग दुसऱ्याच निरपराध माणसावर काढतो. बाजारात, कचेरीत, संस्थांच्या व्यवहारात हे रोज घडते. मुले हा अन्याय नेमका हेरतात. 'कुत्र्याचे पैसे त्याला का नाही मिळाले?' असा त्यांचा पहिला प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर देताना भल्याभल्यांची तारांबळ उडते.

ही गोष्ट 'आफ्रिकन स्टोरीबुक' या उपक्रमातील आहे. दक्षिण आफ्रिकेतील एका शैक्षणिक संस्थेने २०१४ पासून हा उपक्रम सर्वांसाठी खुला केला. आफ्रिकेतल्या मुलांना त्यांच्या मातृभाषेत वाचावयास पुस्तकेच नव्हती. जी होती ती बहुतांशी इंग्रजी किंवा फ्रेंच भाषेत आणि खेड्यातल्या शाळेला न परवडणारी. म्हणून तेथील शिक्षकांनी आणि लेखकांनी आपापल्या गावच्या गोष्टी लिहिल्या, चित्रकारांनी चित्रे काढली, आणि कोणीही त्या विनामूल्य घ्याव्यात, छापाव्यात, आपल्या भाषेत आणाव्यात अशी मोकळीक ठेवली. आपल्याकडे २००४ मध्ये स्थापन झालेल्या 'प्रथम बुक्स' या संस्थेने २०१५ मध्ये 'स्टोरीवीव्हर' नावाने असेच खुले ग्रंथभांडार सुरू केले आणि त्या मार्गाने आफ्रिकेच्या कितीतरी गोष्टी भारतीय भाषांत आल्या. ज्या खंडाविषयी आपल्या मुलांच्या मनात सिंह, वाळवंट आणि दुष्काळ यांपलीकडे चित्र नसते, तेथील शेळी आपल्या बाभळीखालच्या शेळीसारखीच पळते हे कळणे, हाही एक संस्कारच म्हणावा लागेल.

परंतु प्रश्न केवळ नव्या पुस्तकांचा नाही. आपल्या पाठशाळांमध्ये, शाळांमध्ये आणि घरांमध्ये गोष्ट सांगितली जाते ती कशासाठी, हा मूळ प्रश्न आहे. गोष्ट संपल्याबरोबर 'सांगा पाहू, यावरून काय शिकलात?' असे विचारले जाते. मुले एका सुरात 'नेहमी खरे बोलावे' असे म्हणतात. उत्तर बरोबर असते, गुण मिळतात, प्रसंगी बक्षीसही मिळते. आणि त्याच संध्याकाळी दाराशी कोणी आले की 'बाबा घरी नाहीत म्हणून सांग' अशी आज्ञा त्या मुलाला घरातूनच होते. मुलाच्या मनात दोन कप्पे तयार होतात. एका कप्प्यात बोध, दुसऱ्यात व्यवहार. या दोन कप्प्यांमधली भिंत पक्की करण्याचे काम 'तात्पर्य' नावाच्या त्या चौकटीने फार मोठ्या प्रमाणावर केले आहे. हे कठोर वाटेल, पण खरे आहे.

एकोणिसाव्या शतकात इसापाच्या गोष्टी मराठीत आल्या आणि क्रमिक पुस्तकांबरोबर घरोघर पोहोचल्या. त्या पुस्तकांचे ऋण मोठे आहे. मात्र त्यांच्याबरोबर गोष्टीच्या पायथ्याशी तात्पर्य छापण्याची रीतही रूढ झाली. आपली जुनी रीत एवढी घाईची नव्हती. वेताळाची गोष्ट प्रश्नावर संपते, आणि उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकले होतील असा धाक असतो. पश्चिम आफ्रिकेत तर अशा पेचाच्या गोष्टींची मोठी परंपरा आहे. सांगणारा गोष्ट ऐन पेचावर आणून सोडतो आणि मग रात्री उशिरापर्यंत गावकरी वाद घालीत बसतात. विल्यम बास्कम या अभ्यासकाने अशा कथांचा स्वतंत्र ग्रंथच १९७५ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्या वऱ्हाडात याच पद्धतीचा सर्वांत मोठा आचार्य होऊन गेला तो शेंडगावचा. संत गाडगेबाबा कीर्तनात उपदेश करण्याऐवजी समोरच्या माणसांना साधे साधे प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. देवापुढे पशू कापू नये, हे त्यांनी सांगितले त्यापेक्षा अधिक लोकांकडून म्हणवून घेतले. स्वतःच्या तोंडून निघालेले उत्तर माणसाला सहसा मोडवत नाही.

आता एक गोष्ट अशी, की जी आपली आहे आणि आफ्रिकेचीही आहे.

१८७० मध्ये एडवर्ड स्टीअर नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाने झांझिबार बेटावरील स्वाहिली भाषेतल्या गोष्टी गोळा करून छापल्या. त्यांत 'धोब्याचे गाढव' नावाची एक गोष्ट आहे. समुद्रकाठच्या उंबराच्या जातीच्या एका झाडावर माकड राहत असे. खाली पाण्यात शार्क मासा येई. माकड त्याला फळे टाकी. दोघांची मैत्री जमली. एके दिवशी शार्क माकडाला पाठीवर घेऊन आपल्या देशी निघाला आणि अर्ध्या वाटेत त्याने खरे काय ते सांगितले. आमचा सुलतान आजारी आहे आणि त्याला औषध म्हणून माकडाचे काळीज हवे आहे. माकड म्हणाले, अरे, हे आधी का नाही सांगितलेस? आम्ही परगावी जाताना काळीज झाडावर टांगून ठेवतो. शार्क परत फिरला, माकड झाडावर चढले, ते पुन्हा उतरले नाही. शार्क हाका मारू लागला तेव्हा माकडाने वरून विचारले, मी काय धोब्याचे गाढव आहे? आणि मग त्याने त्या गाढवाची गोष्ट सांगितली. एकदा सिंहाच्या तावडीतून सुटूनही ते गोड बोलण्याला भुलून दुसऱ्यांदा त्याच्याकडे गेले आणि प्राणास मुकले. त्याचे काळीज आणि कान सशाने आधीच खाऊन टाकले होते. सिंहाने विचारले तेव्हा ससा म्हणाला, महाराज, या गाढवाला काळीज आणि कान असते तर ते दुसऱ्यांदा आले असते का?

येथे बसलेल्या प्रत्येकाला ही गोष्ट ओळखीची वाटली असेल. ती पंचतंत्राच्या चौथ्या तंत्रातील, 'लब्धप्रणाश' या प्रकरणातील आहे. तेथे झाड जांभळाचे आहे, शार्कच्या जागी मगर आहे, सुलतानाच्या जागी मगरीची हट्टी बायको आहे आणि सशाच्या जागी कोल्हा आहे. एवढेच नव्हे तर माकडाच्या गोष्टीच्या पोटात गाढवाची गोष्ट घालावयाची, ही रचनासुद्धा तीच. पंचतंत्रातले ते लांब कानांचे गाढवही धोब्याचेच आहे. ओझे वाहून वाहून कंटाळलेले. समुद्र ओलांडून पार पलीकडे गेल्यावरही त्या गाढवाचा मालक बदलला नाही.

पंचतंत्राचा सहाव्या शतकात इराणच्या राजदरबारात पहलवी भाषेत अनुवाद झाला, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने त्याचे 'कलीला व दिम्ना' या नावाने अरबी रूपांतर केले, आणि अरबांची जहाजे तर झांझिबारला नित्य जात. दुसरीकडे कच्छ-सौराष्ट्रातले व्यापारीही मोसमी वाऱ्यांवर गलबते घेऊन त्याच किनाऱ्यावर उतरत. गोष्ट कोणाच्या पडशीतून गेली याचा दाखला मागण्यात अर्थ नाही. दोन्ही वाटा वाहत्या होत्या.

या गोष्टीशी जैन समाजाचा जो संबंध आहे, तो मात्र आपल्या मुलांना आवर्जून सांगण्यासारखा आहे. पंचतंत्राची जी संस्कृत संहिता पुढे जगभर सर्वाधिक वाचली गेली, ती पूर्णभद्र या जैन मुनींनी ११९९ मध्ये सिद्ध केलेली आहे. सोम नावाच्या मंत्र्याच्या विनंतीवरून, विस्कळीत झालेल्या त्या ग्रंथाचे अक्षर अन् अक्षर तपासून त्यांनी 'पंचाख्यानक' तयार केले. योहानेस हर्टल या जर्मन पंडिताने विसाव्या शतकाच्या आरंभी ते संपादित केले, आणि आर्थर रायडर यांचे १९२५ चे प्रसिद्ध इंग्रजी भाषांतर याच संहितेवरून झाले. सर्वसंगपरित्याग केलेल्या एका मुनीने कोल्ह्या-माकडांच्या, राजनीतीच्या आणि डावपेचांच्या गोष्टी एवढ्या मायेने का सांभाळाव्यात? गोष्ट टिकली तर माणसाचा विवेक जागा राहण्याला वाव राहतो, असे त्यांना वाटले असावे.

परंतु ही गोष्ट मुलांना सांगताना एक अडचण येते. माकड खोटे बोलले. मग ते चांगले कसे?

हा प्रश्न मुले विचारतात, आणि विचारली नाहीत तर कोठेतरी चुकले आहे असे समजावे. येथे सर्वांत सोपी वाट म्हणजे 'अरे, ती नुसती गोष्ट आहे' असे म्हणून विषय संपविणे. ती वाट घेऊ नये. समंतभद्राचार्यांच्या 'रत्नकरंड श्रावकाचारा'त सत्याणुव्रताचे जे विवेचन आहे, त्यात असत्य तर वर्ज्य आहेच, पण ज्याने दुसऱ्यावर संकट ओढवेल असे सत्यही बोलू नये असे म्हटले आहे. म्हणजे सत्यावर अहिंसेची नजर ठेवलेली आहे. आता माकडाचे काय? त्याने दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी नव्हे, स्वतःचा वाचविण्यासाठी असत्य सांगितले. मात्र त्या असत्याने मगरीचेही काही बिघडले नाही. उलट एका मित्रघाताच्या पापातून ती वाचली. ते क्षम्य म्हणावे की चतुराई म्हणून सोडून द्यावे? आणि मगरीने अर्ध्या वाटेत खरे सांगितले, ते सत्य म्हणावे की निर्लज्जपणा? एखादा दहा वर्षांचा मुलगा म्हणेल, माकडाने झाडावर चढल्यावर तरी खरे सांगायला हवे होते. दुसरी मुलगी म्हणेल, त्याने सांगितलेच की. हा वाद अर्धा तास चालला तर त्या अर्ध्या तासात व्रतांचा जितका अभ्यास होतो, तितका बारा वेळा पाठांतर करून होत नाही. पाठांतराला कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. पाठांतराने शब्द जवळ राहतात. वाद घातल्यावर ते शब्द वापरावयास सापडतात.

आफ्रिकेच्या गोष्टींतला ससा, कासव किंवा अनान्सी कोळी हे सारे थोडेफार लबाडच आहेत, आणि अशा नायकांकडून चारित्र्य कसे घडणार, अशी शंका काही पालकांना वाटते. घानामधील अनान्सीची एक गोष्ट ऐकावी. त्याने जगातले सारे शहाणपण गोळा करून एका मडक्यात भरले आणि ते कोणाला सापडू नये म्हणून उंच झाडावर लपवायला निघाला. मडके पोटाशी बांधलेले, त्यामुळे त्याला चढता येईना. खाली उभा असलेला त्याचा मुलगा म्हणाला, बाबा, मडके पाठीला बांधा की. सगळे शहाणपण आपल्यापाशी असूनही एवढे साधे आपल्याला सुचले नाही, हे अनान्सीच्या लक्षात आले. त्याने रागाने मडके टाकले, ते फुटले, आणि शहाणपण थोडे थोडे सर्वांच्या वाट्याला आले. सारे ज्ञान एकाच्या मुठीत असते असे मानणाऱ्याची याहून गोड फजिती क्वचितच कोणी केली असेल. जन्मांध आणि हत्ती यांचा दृष्टांत आपण अनेकांत समजावताना देतो. आपल्याच जिल्ह्यातल्या रिद्धपूरशी निगडित महानुभाव परंपरेच्या 'दृष्टांतपाठा'तही तो आहे. अनान्सीचे मडके त्या हत्तीच्या शेजारी ठेवून पाहावे.

गोष्ट निवडताना जपावे मात्र लागते. नायजेरियाचे विख्यात कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनी आपल्या लहान मुलीसाठी आणलेली परदेशी चित्रपुस्तके उघडून पाहिली, तेव्हा त्या गुळगुळीत, रंगीत पानांत आफ्रिकेच्या माणसांविषयी तुच्छता भरलेली त्यांना आढळली. आपण पैसे देऊन मुलीच्या मनात विष घालीत होतो, या जाणिवेने ते अस्वस्थ झाले आणि स्वतः मुलांसाठी लिहू लागले. १९६६ मधील त्यांच्या 'चिके अँड द रिव्हर' या पुस्तकातल्या मुलाला नायजर नदी ओलांडून पलीकडचे गाव पाहावयाचे आहे, आणि नावेच्या भाड्यापुरते पैसे त्याच्याजवळ नाहीत. पुन्हा भाडेच! पैसे दुप्पट करून देणाऱ्या एका भोंदूच्या नादी तो लागतो आणि फसतो. शेवटी मोटार धुऊन पैसे कमावतो आणि मग नावेत बसतो. पुढे १९७२ मध्ये, यादवी युद्धात देश होरपळून निघाल्यावर, त्यांनी जॉन इरोअगानाची यांच्यासह बिबट्याला नखे कशी मिळाली याची गोष्ट लिहिली. सर्व प्राण्यांनी मिळून पावसापासून निवारा म्हणून एक मंडप बांधला. कुत्र्याने बांधणीत हात लावला नाही, आणि पाऊस येताच दातांच्या बळावर त्याने मंडप बळकावला. तेव्हा त्याच प्राण्यांनी आपल्या दयाळू राजाला सोडून कुत्र्याचा जयजयकार केला. ही गोष्ट मुलांसाठी कडू आहे. पण दुष्ट एकटा कधीच जिंकत नाही, भित्रे त्याला जिंकवितात, हे मुलांना कधी ना कधी कळावेच लागते. ते चांगल्या पुस्तकातून कळलेले बरे.

आपल्या परंपरेतही अशा कडू गोष्टी आहेत, आणि त्यांपैकी एक तर आपल्या शेजारी, कारंज्यात, शतकानुशतके जपली गेली. कारंजा लाड येथील जैन मंदिरांच्या ग्रंथभांडारांतील हस्तलिखितांनी विसाव्या शतकात अपभ्रंश साहित्याचे दालनच अभ्यासकांना उघडून दिले. अमरावतीच्या तेव्हाच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृत शिकविणारे डॉ. हिरालाल जैन यांनी त्यासाठी अपार परिश्रम घेतले. कारंजा जैन ग्रंथमालेत १९३१ मध्ये परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी संपादित केलेले 'जसहरचरिउ' प्रसिद्ध झाले. दहाव्या शतकातील महाकवी पुष्पदंतांचे हे काव्य यशोधर राजाची कथा सांगते.

राजाच्या आईला अशुभाची भीती वाटली आणि तिने देवीपुढे पशुबळी देण्याचा आग्रह धरला. राजा म्हणाला, जीव मारणार नाही. आई हटेना. शेवटी तडजोड झाली: पिठाचा कोंबडा करावा आणि तो कापावा. रक्त नाही, प्राण नाही, केवळ पीठ. राजाने तो कोंबडा मारला, आणि त्या एका कृत्यासाठी माय-लेकांना जन्मोजन्मी पशुपक्ष्यांच्या योनींत भटकावे लागले.

या कथेतील बाकीचा दरबारी प्रपंच मुलांपुढे मांडण्याची गरज नाही. पिठाचा कोंबडा पुरेसा आहे. 'पण कोंबडा तर मेलाच नाही, मग पाप कोणाला लागले?' हा प्रश्न मुले विचारतीलच. त्यांना लगेच भावहिंसा आणि द्रव्यहिंसा हे शब्द देऊ नयेत. आधी त्यांनाच विचारावे, मोबाइलच्या पडद्यावर बंदूक घेऊन धडाधड माणसे पाडण्याचा जो खेळ असतो त्यात कोण मरते? काही मुले हसतील. एखादे गप्प होईल. त्या गप्प झालेल्या मुलाला त्या क्षणी कोणीही काही शिकवू नये. हजार वर्षांपूर्वीच्या पिठाचा कोंबडा आज काचेच्या पडद्यावर आला आहे, हे त्याचे त्यालाच उमगू द्यावे.

येथे कोणी म्हणेल की मग शिक्षकाचे आणि आई-वडिलांचे काम काय राहिले? काम पुष्कळ आहे, आणि ते तात्पर्य सांगण्यापेक्षा अवघड आहे. गोष्ट पाठ असली पाहिजे, पुस्तकात तोंड घालून वाचून दाखविणे पुरेसे नाही. मुलाच्या प्रश्नाला 'माहीत नाही, आपण पाहू' असे म्हणण्याचा संकोच वाटता कामा नये. आणि दाराशी आलेल्या माणसाला 'बाबा घरी आहेत, पण आत्ता भेटू शकत नाहीत' असे सांगण्याची हिंमत घरातल्या मोठ्यांपाशी असली पाहिजे. मुलाने ऐकलेल्या गोष्टीची खरी परीक्षा मोठ्यांनाच द्यावी लागते. रात्री दहा मिनिटे, दिवा मंद करून, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. एवढी सोय प्रत्येक घरात होऊ शकते. आजी-आजोबा घरात असतील तर प्रश्नच नाही. नसतील तर पाठशाळेने रविवारी एखाद्या वृद्ध श्रावक-श्राविकेला बोलावून मुलांसमोर बसवावे. आपल्या वृद्धांच्या पोटात किती गोष्टी आहेत, त्या त्यांच्याबरोबर जाण्यापूर्वी कोणीतरी विचारल्या पाहिजेत.

त्यावरून लायबेरियाची एक गोष्ट. हॅरॉल्ड कोरलँडर आणि जॉर्ज हर्टसॉग यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पश्चिम आफ्रिकेच्या कथासंग्रहात ती आहे. कुंडी नावाच्या गावात ओगालूसा नावाचा शिकारी राहत असे. एक दिवस तो रानात गेला तो परतलाच नाही. त्याच्या मुलांनी काही दिवस त्याची चर्चा केली, मग शेतीच्या कामांत ती थांबली. तो रानात गेला तेव्हा त्याची पत्नी गर्भवती होती. यथाकाळ मुलगा झाला, त्याचे नाव पुली. पुली बोलू लागला तेव्हा त्याच्या तोंडून पहिले शब्द निघाले, 'माझे बाबा कोठे आहेत?'

थोरले भाऊ दचकले. ते रानात शोधायला गेले. बापाची हाडे सापडली. एका मुलाला हाडे सांधता येत होती, त्याने ती सांधली. दुसऱ्याने त्यावर मांस चढविले, तिसऱ्याने रक्त खेळविले, कोणी श्वास घातला, कोणी हालचाल, कोणी वाणी. ओगालूसा उठून बसला आणि मुलांबरोबर घरी आला. मग त्याने गाईच्या शेपटीच्या केसांची एक सुंदर चवरी बनविली, तिला कवड्यांनी सजविले, आणि गावजेवणाच्या दिवशी जाहीर केले की मला परत आणण्यात ज्याचा वाटा सर्वांत मोठा, त्याला ही चवरी मिळेल.

पाठशाळेत ही गोष्ट सांगताना येथे थांबावे. हाडे सांधणारा म्हणेल माझी, श्वास घालणारा म्हणेल माझी. मुलांचे दोन-तीन पक्ष पडतील, आवाज चढतील, शेजारच्या वर्गाला त्रास होईल. होऊ द्यावा. कुंडी गावातही त्या रात्री असाच गलका झाला होता. तो बराच वेळ चालू राहिल्यावर ओगालूसा उठला, गर्दीतून वाट काढीत आला आणि त्याने चवरी आईजवळ बसलेल्या लहानग्या पुलीच्या हातात ठेवली.